मैद्याची खळ

शांतवन मास्तरांचा हात म्हणजे काय विचारता! नगरच्या एका शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवून निवृत्त झालेला माणूस, पण प्रबंधासाठी नकाशे, आलेख, तक्ते काढून हवेत म्हटलं की कॉलेजची मुलं त्यांच्याच दारात. आणि खळीच्या बाबतीत तर असे हट्टी की सोय नाही. पातळ कागदावर काढलेला तक्ता जाड कागदावर चिकटवायचा तो मैद्याच्याच खळीनं, कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालून. बाजारच्या डिंकानं कागद आक्रसतो, म्हणायचे.

पण बहात्तरच्या त्या दुष्काळात मैदा आणायचा कुठून? पुष्पावतीनंच कुठून तरी मिळवून आणून दिला. जामखेडकडची ही मुलगी, दुष्काळात माणसं काय खातात यावर प्रबंध लिहीत होती. दोन वर्षं पायपीट करून घराघरात डोकावली होती. सतरा तक्ते, प्रत्येकाच्या चार प्रती. शुक्रवारी संध्याकाळी पुण्यात प्रबंध द्यायची मुदत संपत होती. ती चुकली की वर्ष गेलं, आणि त्यावर ठरलेली कॉलेजातली नोकरीही गेली.

गुरुवारी सकाळी मास्तरांनी तक्त्यांवर दाबून ठेवलेल्या फळ्या उचलल्या आणि पाहतात तो काय, प्रत्येक तक्त्यावर तांबूस डाग! आकड्यांच्या आरपार वर आलेले. त्यांनी खळीचं पातेलं ओढून पाहिलं, तर तळाशी लालसर साका. मिलो. रेशनवर मिळणारी ती परदेशी लाल ज्वारी. बायको, मरिया, चुलीपाशी बसली होती. ती मान वर करेना.

"लिडियाच्या पोटात मिलो ठरंना," ती म्हणाली. "अंगावरचं दूध आटलं तिचं. मैद्याची पेज करून घातली, तवा कुठं लेकराला प्यायला मिळालं. खळीत मग मिलोचंच पीठ घातलं. त्याचा रंग असा वर येतोय, मला काय ठाव?"

लिडिया त्यांची लेक, बाळंतपणाला आलेली, आतल्या खोलीत निजली होती. मास्तरांना राग तर असा आला होता की पातेलं भिरकावून द्यावं. पण भिरकावायचं कुणावर?

ते रेघा मारायचं पेन घेऊन बसले. एका तक्त्याला तास लागायचा आणि तक्ते हवे होते अडुसष्ट. वेडेपणाच तो, पण हात बांधून बसवेना. दुपारपर्यंत तीन झाले. चौथ्याला शाईचा थेंब नेमका बेरजेवर पडला. तेव्हा मात्र म्हातारा रडला.

तेवढ्यात पुष्पावती आली. बांधणीवाल्याला सांगून, संध्याकाळच्या एसटीचं ठरवूनच आली होती. मास्तरांनी तिला सांगितलं की चूक आपलीच, नजर अधू झाली, खळीत काहीतरी भलतंच पडलं. मरियाचं नाव त्यांनी काढलं नाही. पुष्पावतीनं एक तक्ता उचलला, डागावरून बोट फिरवलं. दोन वर्षं हाच रंग तिनं प्रत्येक घरच्या भाकरीत पाहिला होता. आतून तान्ह्या पोराचं रडणं आलं. तिनं त्या दाराकडं पाहिलं, आणि काहीही न विचारता उंबऱ्यावर बसून राहिली. एसटी निघून जाईपर्यंत बसली.

शुक्रवार गेला. नोकरी दुसऱ्याला मिळाली. मास्तरांनी पेन पुसून पेटीत टाकलं, आणि दारात आलेल्या मुलांना दिसत नाही म्हणून परत पाठवू लागले. दिसत सगळं होतं हो! पण कागद समोर धरला की तांबडे डागच डोळ्यांपुढं यायचे.

पुढच्या वर्षी, पाऊसपाणी बरं झाल्यावर, पुष्पावती पुन्हा आली. काखेत कोरे कागद, हातात मैद्याच्या दोन पुड्या. दोन्ही तिनं मास्तरांपुढं ठेवल्या.

"ही खळीची," ती म्हणाली. "आणि ही काकूंना द्या. ही खायची."

मरियाला तिच्या तोंडाकडं बघवेना. पदरानं डोळे पुसत तिनं खळीची पुडी तेवढी उचलली आणि पातेलं चुलीवर चढवलं.