रिकाम्या बिनांचा खडखडाट

प्रेस शॉपमध्ये पत्र्याचं भंगार साठतं, ते निदान विकता येतं. सल्लागारांचे किस्से साठतात, त्यांना भंगारवालाही हात लावत नाही. म्हणून तुमच्या पदरात टाकते!

चाकणला आमचं छोटं शॉप. बारा कामगार, एक प्रेस मशीन, मोठ्या कंपनीला पत्र्याचे ब्रॅकेट पुरवतो. मुलगा नितीन एमबीए; त्याला दुसरं मशीन हवं होतं. अंदाज चुकला तर शॉपला कुलूप. म्हणून बाजाराची अस्थिरता मोजायला त्याने सल्लागार आणला.

*

साहेबांनी फळ्यावर एक ते पाच आकडे लिहिले. "एक म्हणजे शांत, पाच म्हणजे वादळ. मॅडम, तुमचं बिझनेस एन्व्हायर्नमेंट कितीवर?"

गुरुवार होता, आमच्याकडे लाइट जायचा वार. तेवढ्यात लाइट गेली.

"आता तुम्हीच सांगा!"

*

"शिक्षण काय तुमचं?" साहेबांनी मला विचारलं.

"चौथी. पण नितीनची मॅनेजमेंटची पुस्तकं आधी मी वाचली. तो परीक्षेपुरती वाचायचा!"

नितीनला एकदम खोकला आला.

*

आमचा माल निळ्या प्लास्टिकच्या बिनमधून जातो. कंपनीत तो वापरला गेला, की रिकामे बिन शकीलभाईंच्या टेम्पोतून परत. त्या आठवड्यात एकही आला नाही.

साहेब आवारात उभे राहून खूश! "वा! काय मोकळं आवार! हाउसकीपिंग फर्स्ट क्लास! अस्थिरता दोन. मशीन घ्या!"

शकीलभाई मला हळूच म्हणाले, "आक्का, तिकडं कंपनीत आपले बिन छताला लागलेत. भरलेले!"

*

कंपनीत माल खपत नाहीये, हे नितीनला पटेना. मी कंपनीच्या परचेसवाल्याला फोन लावला, स्पीकरवर.

"पुढच्या मालाचं शेड्यूल पक्कं ना, साहेब?"

"एकदम पक्कं, आक्का!"

"मग माझे रिकामे बिन पाठवा."

"मी... मीटिंगमध्ये आहे." फोन बंद!

नितीनने मशीनची ऑर्डर ड्रॉवरमध्ये टाकली. आठ दिवसांत कंपनीने शेड्यूल निम्म्यावर आणलं. आमचे बाराच्या बारा कामगार मात्र जागेवर राहिले.

*

चार महिन्यांनी साहेब नवा रिपोर्ट घेऊन हजर. "अस्थिरता पाच! वर्षभर हलू नका!" पडद्यावर लाल बाण खाली चाललेले.

बाहेर टेम्पो वळला. खडखड, खडखड! सकाळपासूनची तिसरी खेप. आमच्या रस्त्याच्या खड्ड्यांत भरलेला बिन असा वाजत नाही.

नितीन ताडकन उठून बाहेर पळाला. मग फोनवर बोलतानाचा त्याचा आवाज आला, "हां, तेच मशीन. उद्याच पाठवा!"

साहेब रिमोट धरून तसेच उभे. "पण माझ्या चौदा स्लाइड राहिल्यात!"

"दाखवा की," मी म्हटलं, "चहा येईपर्यंत मी बघते."