मायचं लुगड्यातलं शीर्षासन

माझी माय शाळेच्या मैदानात, अख्ख्या गावासमोर, डोक्यावर उभी राह्यल्ती.
लुगड्यात.

आज सकाळी माय गेली. पंच्याऐंशी पार केल्ती. सकाळपासून मेसेज येऊन राह्यलेत, बाई फार शांत होत्या, गरीब स्वभावाच्या होत्या.
गरीब स्वभाव? कुणी सांगितलं तुम्हाला!

टेंभुर्णीतली गोष्ट. सत्तरच्या दशकाच्या मधली, मी सातवीला. आबा तिथंच शाळेत मास्तर. कुठल्याशा शिबिरात ते योगासनं शिकून आल्ते आणि आल्या आल्या आम्हा दोघा पोरांना धरलं, मला आणि धाकट्या राजूला. सकाळी उठायचं, अंगणात गोणपाट टाकायचं आणि सुरू.

माय चुलीपाशी बसून आम्हाला हसायची.
मंग कापूस वेचून वेचून तिची कंबर धरली. आबा म्हणाले, तू पण ये. ती आली आणि बघता बघता आबांच्याही पुढं गेली.

आबा शीर्षासनात धपकन पडायचे. माय न्हाई. पाण्याचे हंडे वाहून तिची मान बिलकुल पक्की झाल्ती. कासोटा घट्ट खोवायची, घोट्यांपाशी लुगड्याला नाडी बांधायची, आणि पाय सरळ वर.
शेजारणी म्हणायच्या, मास्तरीणबाईच्या डोक्यावर परिणाम झाला. ती म्हणायची, या की तुम्ही पण.

त्या वर्षी सव्वीस जानेवारीला शाळेत प्रोग्रॅम ठरला. पालक आणि मुलांनी मिळून आसनं करायची. आबांचीच आयडिया.
मी तर हवेतच होते. राजूला शीर्षासनाला भिंत लागायची, मला न्हाई.

आणि ऐन वेळी हेडमास्तरांनी माझं नाव कापलं.
राजू राह्यला. मी स्वागतगीत म्हणायचं.
कारण काय, तर मुलीची जात, अंगात फ्रॉक, पाय वर जाणार. गाव काय म्हणेल?

आबा बोलायला गेले आणि मान खाली घालून परत आले. वरिष्ठ होते ते, आबा तरी काय करणार.
मी जेवले न्हाई. रडून रडून डोळे सुजले.
माय भाकरी थापत एवढंच बोलली, "प्रॅक्टिस सोडू नको."

तो दिवस आला. झेंडावंदन झालं. आबा आणि राजू सतरंजीवर जाऊन उभे राह्यले. मी गाणं म्हणून बाजूला, तोंड पाडून.

तेवढ्यात बायांमधून माय उठली. सरळ हेडमास्तरांसमोर गेली. हात जोडले.

"सर, मी लुगड्यात उलटी होते. लुगडं जागचं हललं तर पोरीला घेऊन घरी जाते. न्हाई हललं तर तिला उभं करा."

हेडमास्तर काही म्हणायच्या आत तिनं पदर खोचला, नाडी बांधली, सतरंजीवर डोकं टेकलं.
पाय वर.

आबांचा चेहरा पांढराफटक.
लुगडं? वीतभर सोडा, बोटभर पण हललं न्हाई.

हेडमास्तर बघून राह्यले. गाव बघून राह्यलं. माय काही खाली येईना.
शेवटी तेच म्हणाले, "उतरा बाई, उतरा. घेतो मुलीला."

मंग उतरली. पदर सारखा केला.
हेडमास्तर म्हणाले, पण हिच्या अंगात तर फ्रॉक आहे. मायनं पिशवीतून सलवार काढली. शेजारच्या शमीम चाचीनं आपल्या पोरीची दिल्ती. म्हणजे बाई बराबर तयारीनं आल्ती!
चाची बायांमधून ओरडली, "जल्दी पहन ले, बेटी!"

मी वर्गात पळाले, फ्रॉकखाली सलवार चढवली, नाडी आवळली आणि आले.

चौघं एका रांगेत उलटे झालो.
राजू पडला. आबा पडले.
आम्ही दोघी मायलेकी उभ्या.
टाळ्या थांबता थांबेनात. काय सांगू, आजही अंगावर काटा येतो. इतकं भारी मला आयुष्यात कधीच वाटलं न्हाई, नोकरी लागली तेव्हा पण न्हाई.

पुढच्या आठवड्यात आमच्या अंगणात गोणपाट कमी पडायला लागले. बाया आपापल्या पोरी घेऊन यायच्या. मास्तर आबा होते, पण बाया आणि पोरींना शिकवायची माय.

त्या दिवशी घरी येताना मी तिला विचारलं होतं, माय, हेडमास्तर न्हाईच म्हणाले असते तर?

"मंग मी उतरलेच नसते."

अशी होती माझी माय. शांत म्हणू नका तिला.

आज दुपारी निरोप दिला. मी आणि राजूनं मिळून खांदा दिला.
जा माय, सुखानं जा. तुझ्या पोरीचा तुला कडक जय भीम.