नणंदेचे उंदीर
खलबत्त्यात मिरच्या-लसूण कुटला की त्या झणझणीत वासासरशी मला भोकरदनच्या घरातली ती दुपार आठवते. सासऱ्यांना लकवा मारला, उजवं अंग लुळं पडलं, तेव्हापासून दोन वर्षं मीच त्यांना घास भरवत होते आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून मिठाची बरणी लपवून ठेवत होते; मिठाने बीपी वाढतं, हेही त्यांना रोज सांगत होते. "सून अळणी खाऊ घालून मारून राह्यली मला," असं ते येईल त्याला सांगत. त्या दिवशी संभाजीनगरहून नणंद आली. ती तिथल्या प्रयोगशाळेत लकव्यावरच संशोधन करायची. सासऱ्यांनी ठेच्यावर मीठ मागितलं, तशी ती त्यांच्या खाटेवर टेकत म्हणाली, "बाबा, आम्ही उंदरांना रोज खारट पाणी पाजतो. मंग त्यांचं बीपी वाढतं, काहींच्या मेंदूतली नस फुटते, अन् ते तुमच्यासारखेच पाय ओढत चालतात." सासऱ्यांनी डाव्या हाताने ठेचा बाजूला सारला आणि भरल्या डोळ्यांनी म्हणाले, "बाई, हे मला आजवर कोणीच सांगितलं न्हाई." त्यांच्यासाठी मोडलेला भाकरीचा घास तेव्हा माझ्या हातातच होता. परवा डॉक्टरांनी मलाही मीठ कमी करायला सांगितलं. संध्याकाळी नणंदेचा फोन आला. ती काळजीने तेच उंदरांचं सांगू लागली. "मला ठाऊक आहे," एवढंच म्हणून मी फोन ठेवला, आणि ठेच्यात चिमूटभर मीठ जास्तच घातलं.