समोरून धरलेलं ताट

वर्षाअखेर मुलीला शाळेतून काढून घ्या, असं मुख्याध्यापिकांनी सांगितलं, तेव्हा देवावरचा माझा विश्वास जवळजवळ उडालाच होता. गोष्ट नव्वदच्या दशकातली. नवऱ्याच्या सरकारी कारखान्यातल्या नोकरीमुळे आम्ही बंगळूरला राहत होतो. जुई जन्मापासून बहिरी. मूकबधिरांच्या शाळेत तिची तीन वर्षं छान गेली. नवव्या वर्षी मात्र ती बाईंच्या ओठांकडे बघेना, मुलांना धडकू लागली, बाजूने खुणा केल्या तर ढिम्म बसायची. तिची बुद्धीच कमी आहे, असं शाळेचं म्हणणं. मला ती हट्टी वाटायची, आणि हट्टाला माझ्याकडे एकच औषध होतं, धपाटा.

दर गुरुवारी मी तिला जयनगरातल्या दत्ताच्या देवळात न्यायची. आरतीच्या वेळी तिथे दिवे मालवत, उजेड फक्त निरांजनाचा. ताट बाजूने फिरून जायचं आणि ही खांबासारखी उभी. मला वाटायचं, पोरीला देवाचीही पर्वा नाही. शाळेतून निरोप आला त्या गुरुवारी तर माझा तोल गेला. ताट आलं तसं मी तिचं मनगट धरून ज्योतीवर ओढलं. बोटं पोळली. ती किंचाळली. देवाच्या दारात मी हे केलं.

शेजारी उभ्या असलेल्या एक वयस्क बाई पुढे झाल्या. पूर्वी कधी पाहिलेल्या नव्हत्या. कानडी मिसळलेल्या मराठीत म्हणाल्या, "स्वल्प थांबा हो, ओढू नका. ताट बाजूनं आलं, तिला दिसलंच नाही." त्यांनी पुजाऱ्यांकडून ताट घेतलं आणि बरोबर जुईच्या नाकासमोर, जरा लांब धरलं. जुईने रडत रडतच दोन्ही हात पुढे केले, आरती घेतली. "सरी? कळलं ना? माझ्या धाकट्या भावाचं असंच झालं. आधी डोळे दाखवा हिचे."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं. नजर चहूबाजूंनी आक्रसत चाललेली, अंधारात जवळपास शून्य, आणि पुढे आणखी कमी होणार. मी रडले, पण दोनच दिवस. अंधांच्या शाळेत गेले तर म्हणाले, बहिरी मुलगी आम्ही कशी शिकवू? मूकबधिरांच्या शाळेचं उत्तर तेच, फक्त उलटं. मग मात्र मी हटूनच बसले. मुख्याध्यापिकांना म्हटलं, "एक सहामाही द्या. वर्गात मी बसते. नाही जमलं तर स्वतः नाव काढून नेते."

बाई खिडकीकडे पाठ करून शिकवत, चेहरा सावलीत. त्यांना मी समोरच्या भिंतीशी उभं राहायला लावलं. खुणा छातीजवळ, छोट्या आणि सावकाश. अंधशाळेतल्या एका बाईंनी शिकवलं, की तिचा हात धरून कुठे न्यायचा नाही; आपला हात तिच्या हाताखाली ठेवायचा, तिला हवं तर ती येईल. पावसाळी, अंधारलेल्या दुपारी आम्ही तिच्या तळहातावर अक्षरं लिहायचो. आधी ती हात झटकायची. महिनाभराने स्वतःच पुढे करू लागली.

सहामाही संपली. त्या सकाळी बाईंनी हजेरी घेताना जुईच्या बाकाशी येऊन तिच्या तळहातावर तिचं नाव लिहिलं. जुईने हात वर केला, ताठ. दारात मुख्याध्यापिका उभ्या होत्या. त्या मला हळूच म्हणाल्या, "नाव राहील तिचं. आता तुम्ही घरी जा, अम्मा."

देवळातल्या त्या अक्का मला परत कधीच भेटल्या नाहीत. कोण होत्या, याचा शोध मी घेत नाही. दत्तापुढे हात जोडते तेव्हा त्यांनाही जोडते. लढणं मला येत होतं. तिला दुसऱ्यांवर सोपवणं येत नव्हतं, आणि सहा महिन्यांत सगळ्यांत अवघड तेच वाटलं. त्या सकाळी शेवटच्या बाकावरची माझी पिशवी उचलली आणि मागे न बघता मी फाटकाबाहेर पडले.