जकातनाका आणि नवा सांगाडा

त्या ऑफिसात मी पहिल्यांदा पाऊल टाकलं, तेव्हा कोपऱ्यातल्या खुर्चीतून दोन डोळे माझ्यावर असे रोखले गेले, की गेल्या सात जन्मांत आपण कुठे कुठे चोऱ्या केल्या याची मी मनातल्या मनात उजळणी सुरू केली. पाचव्या जन्मापर्यंत पोहोचलो तेव्हा आवाज आला, "पेन ड्राइव्ह आणलाय?"

"नाही."

"सगळे आधी नाहीच म्हणतात," ते म्हणाले आणि माझ्या जेवणाच्या डब्याकडे पाहू लागले.

त्यांना सगळे जकातनाका म्हणत. आम्ही पाच जण वेबसाइट बनवायचो आणि कुठलीही नवी गोष्ट त्यांच्या टेबलावर झडती दिल्याशिवाय पुढे सरकत नसे. पन्नाशीचे, काडीसारखे, गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी, आणि चिकटपट्टीवर त्यांची सही. कोणी काढून परत लावली तर कळावं म्हणून. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, सांगायच्या, "लग्न ठरताना माझ्या बाबांना तीनदा विचारलं, मुलगी हीच ना? सव्वीस वर्षं झाली, अजून पुरती खात्री पटलेली नाही." माणूस मात्र वाईट नव्हता. संशय घेताना त्यांनी कधी आपलं-परकं केलं नाही.

तर या नाक्यावर एक दिवस ऑफिसातली नवी मुलगी येऊन उभी राहिली. कामाला लागून तीन महिने होत आले होते, पण नोकरी अजून कच्ची होती. तिच्याकडे काम होतं सांगाडा बनवण्याचं. प्रत्येक वेबसाइटची सुरुवात सारखीच असते: तेच फोल्डर, त्याच सेटिंग्ज, तेच कोरं पान. आम्ही पाच जण ते पाच तऱ्हांनी करायचो, आणि एकाचं काम दुसऱ्याच्या मशीनवर चालेल तर शपथ. मुलीने एकच सांगाडा तयार केला. त्याची कॉपी घ्यायची, एक कमांड द्यायची, की साइट आपल्याच मशीनवर सुरू. बाहेरच्या कुणाला दिसणार नाही.

मालकीणबाई तिला म्हणाल्या, "शुक्रवारी दुपारपर्यंत पाचही मशीनवर चालला तर तुझी नोकरी पक्की. नाहीतर..." पुढचं त्यांनी चहात बुडवलं.

चार मशीनवर तो बुधवारीच चालला. पाचवं मशीन जकातनाक्याचं.

"एका कमांडमध्ये सगळं सुरू होतं?"

"हो, काका."

"तेच मला पटत नाही. इतकं सोपं आहे म्हणजे काहीतरी दडवलंय."

दोन दिवस त्यांनी एकेक फाइल वाचली. तांदळातले खडे निवडावेत तशी. शुक्रवारी अकराला अखेर कमांड दिली. पान आलं. मिटलं. परत आलं. परत मिटलं. वीस मिनिटं पापणी लवावी तसं ते लवत होतं. काकांच्या चेहऱ्यावर घरात चोर सापडल्याचा आनंद पसरला.

"अहो, या सगळे! आत कोणीतरी येतंय!" त्यांनी एक यादी उघडली. दर सेकंदाला कोणीतरी पान मागत होतं. बाराशे नोंदी. "बाहेरच्या कुणाला दिसत नाही ना गं हे? मग हा पाहुणा कोण?"

मुलीचा चेहरा उतरला. मालकीणबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. मग मुलीने हळूच विचारलं, "काका, ही यादी कुठून आली?"

"मी पहारेकरी बसवलाय. पान कोण मागतं ते तो लिहून ठेवतो."

"कुठे लिहून ठेवतो?"

"कुठे म्हणजे? तुझ्याच फोल्डरात. चोराच्या घरात नको का बसायला?"

मुलीने कपाळावर हात मारला. सांगाड्यात एक सोय होती: फोल्डरातली कुठलीही फाइल बदलली की पान आपोआप नव्याने उघडायचं. पान उघडलं की पहारेकरी नोंद करायचा. नोंद केली की यादीची फाइल बदलायची. फाइल बदलली की पान पुन्हा उघडायचं. काका वीस मिनिटं काठी घेऊन स्वतःच्याच सावलीमागे धावत होते.

तिने ती यादी फोल्डराबाहेर नेऊन ठेवली. पान गरीब गाईसारखं उभं राहिलं.

"मग? चालतो ना?" मालकीणबाईंनी विचारलं.

काकांनी नुसती मान डोलवायची होती. त्यांनी चष्मा चढवला आणि दहा मिनिटं पडद्याकडे टक लावून बसले. मुलगी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती.

"आता एकदम शांत झालंय," ते म्हणाले. "हे जास्तच संशयास्पद आहे."

"अहो!" मालकीणबाई ओरडल्या.

"चालतो," ते म्हणाले. "सध्या."

मुलीची नोकरी पक्की झाली. चार महिन्यांनी तिने ती सोडली. घराजवळ दुसरी मिळाली होती.