मागच्या जिन्याची तिसरी पायरी

"हा तुझा," शैलाकाकू म्हणाल्या आणि माझ्या हातात पांढरा एप्रन आणि झालरीची टोपी ठेवली.

बाकीच्या पोरींना गाऊन मिळाले होते. मखमली, लांब बाह्यांचे, गळ्याशी लेस. पुण्याच्या मृणालला जांभळा. ठाण्याच्या दोघींना हिरवे. त्या पुढच्या दिवाणखान्यात उभ्या राहून पाहुण्यांचं स्वागत करणार होत्या, काकूंच्या जुन्या बंगल्याच्या त्या काळच्या मालकिणी म्हणून. मला एप्रन. मी मोलकरीण.

"तुला शोभेल गं," काकू म्हणाल्या. "तुझा चेहरा कसा अगदी ऑथेंटिक आहे."

चौघी होतो आम्ही. चौघींचे चेहरे भारतीयच. ते घर बांधलं तेव्हा आमच्यातल्या एकीलाही कुणी पुढच्या दाराने आत घेतलं नसतं. पण तीन चेहरे मालकिणीचे निघाले आणि एक मोलकरणीचा. कसा निघाला? काकूंना विचारा. काकूंना बरोबर कळतं.

हे अमेरिकेतलं एक छोटं शहर. नाव सांगत नाही. एक नदी, एक कोर्टाची इमारत, एक युनिव्हर्सिटी आणि जुन्या श्रीमंतांच्या बंगल्यांचा एक रस्ता. त्या रस्त्याला हिस्टॉरिक डिस्ट्रिक्ट म्हणतात. तिथे साधा दरवाजा बदलायचा तरी शहराच्या जतन समितीची परवानगी लागते. कठड्याचा हिरवा नेमका कुठला, यावर ही माणसं तीन-तीन मीटिंगा भांडतात. एका म्हातारीने थंडी वाजते म्हणून प्लास्टिकच्या चौकटीच्या खिडक्या बसवल्या, तर तिला नोटीस. काढा म्हणे, इतिहासाला बाधा येते. म्हातारी कुडकुडली तरी चालेल, इतिहासाला सर्दी होता कामा नये. त्या नोटिशीचा आग्रह धरणारी मेंबर कोण? आमच्या शैलाकाकू.

मी अकोल्याची. आर्किटेक्चर शिकून इथे मास्टर्सला आले. जुन्या इमारतींचं जतन हाच माझा विषय. शहराच्या ऑफिसात मला इंटर्नचं काम मिळालं. त्या रस्त्यावरच्या घरात जायचं, टेप लावायची, फोटो काढायचे, जुने कागद शोधायचे आणि प्रत्येक घराचा एक फॉर्म भरायचा. पहिलंच घर शैलाकाकूंचं. काका हृदयाचे डॉक्टर. घर मुळात एका लाकडाच्या वखारवाल्याचं. काकूंनी ते खिळ्याखिळ्यासकट पहिल्यासारखं करून घेतलेलं.

"अगोबाई, मराठी पोरगी!" असं म्हणून पहिल्या दिवशी त्यांनी मला जेवायला बसवलं. वरणभात, वर तूप. मी रडले होते, खोटं कशाला बोलू. चार महिन्यांत कुणी ताट वाढलं नव्हतं. दुसऱ्यांदा भात वाढताना त्यांनी विचारलं, "आडनाव काय म्हणालीस?" सांगितलं. "मूळ गाव?" सांगितलं. "गावात घर कुठल्या बाजूला?" तेही सांगितलं. आमच्या वस्तीत निळा झेंडा आहे आणि तो लपवायची मला सवय नाही.

"अच्छा," काकू म्हणाल्या.

हा अच्छा मला पाठ आहे. शाळेत ऐकलाय, हॉस्टेलवर ऐकलाय, पुण्यात भाड्याची खोली बघताना दारातच ऐकलाय. त्या अच्छानंतर खोली नेमकी कालच गेलेली असते. सात समुद्र ओलांडून काकूंनी तो बॅगेत नीट घडी घालून आणला होता. पुढच्या वेळी गेले तर सगळ्यांना काचेच्या प्लेटी आणि मला कागदाची. "तेवढंच धुणं वाचतं," म्हणाल्या. वा! सात प्लेटी धुतल्या, एक वाचवली.

त्या घराला दोन जिने आहेत. पुढचा रुंद, अक्रोडाच्या लाकडाचा, कठड्यावर द्राक्षांचे घोस कोरलेले. मागचा स्वयंपाकघरातून थेट माळ्यापर्यंत जाणारा, अंधारा, दोन्ही बाजूंनी भिंत. मी दोन्ही मोजले. पुढच्या जिन्याची पायरी साडेसहा इंच उंच. मागच्याची नऊ. हातात कपड्यांची टोपली घेऊन नऊ इंचांच्या पायऱ्या चढून बघा एकदा. मधोमध प्रत्येक पायरी झिजून खड्डा पडलाय.

"नोकरांना वेगळा जिना," काकू कौतुकाने दाखवत होत्या. "बघ कशी शिस्त होती. ज्याची त्याची जागा ठरलेली. आपल्याकडे मेली नुसती भांडणं."

तो जिना कोण झिजवत होतं ते शोधायला मला दोन आठवडे लागले. लायब्ररीत जुन्या शिरगणतीचे कागद आहेत. त्यात वखारवाला, त्याची बायको, पाच पोरं. आणि शेवटच्या ओळीत, वाकड्या अक्षरात, लुएला. स्वयंपाकीण. काळी. विधवा. लिहिता वाचता येत नाही. दहा वर्षांनंतरच्या शिरगणतीतही ती त्याच घरात, त्याच शेवटच्या ओळीत. म्हणजे निदान दहा वर्षं ती बाई ते नऊ-नऊ इंच चढली. मला लायब्ररीतच हुंदका आला. आपल्या घरातलं कुणी सापडावं तसं झालं मला.

नाताळच्या आधी त्या रस्त्यावरची घरं लोकांना बघायला खुली करतात. काकूंच्या घराचं माहितीपत्रक मी लिहिलं. फॉर्ममध्ये लिहिलं होतं तसं त्यातही लुएलाचं नाव लिहिलं, एका ओळीत. काकूंनी वाचलं आणि पेनाने ती ओळ खोडली.

"लोक सणाच्या मूडमध्ये येतात गं. त्यात नोकराचं नाव कशाला?"

मी गप्प बसले. हे लिहितानाही लाज वाटते, पण बसले. पुढच्या सत्राचं माझं काम समितीच्या हातात होतं आणि समितीत काकू होत्या. एप्रन हातात आला तेव्हाही मी गप्पच. मृणाल हळूच म्हणाली, "यार, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. कॉस्च्यूमच आहे ना शेवटी." तिचा होता कॉस्च्यूम. जांभळा.

शनिवारी दुपारी मी एप्रन बांधला, टोपी घातली, हातात रिकामा ट्रे घेतला.

"तिसऱ्या पायरीवर उभी राहा," काकू म्हणाल्या. "म्हणजे स्वयंपाकघरातून लोकांना नीट दिसशील. आणि पायरी सोडू नकोस हं."

मराठी माणसाला हे वाक्य दोनदा ऐकू येतं. काकूंना कदाचित एकच अर्थ म्हणायचा असेल. मला दोन्ही पोचले.

लोक यायला लागले. चांगले, गुबगुबीत, हसरे लोक. हातात सफरचंदाचा गरम रस. पुढे मृणालशी ते हात मिळवत होते, तिच्या गाऊनचं कौतुक करत होते. माझ्यापर्यंत आले की हात मिळवायचं कुणाला सुचत नव्हतं. फोटो काढत होते. एक बाई नवऱ्याला म्हणाली, "किती खरी वाटते, नाही?" मी तिथेच उभी, दीड हातावर. तिला वाटलं असेल पुतळ्याला ऐकू येत नाही. आणि मी काय केलं? मी हसले.

हसले आणि लगेच ओठ मिटले. कारण ते हसू माझं नव्हतं, माझ्या बापाचं होतं.

माझा बाप गवंडी. अकोल्यात एका वकिलाच्या बंगल्याची फरशी त्याने बसवली होती. महिनाभर गुडघ्यांवर. काम संपलं आणि त्याचा ओळंबा, दोरीला बांधलेलं ते लोखंडी वजन, आतच राहिला. दुसऱ्या दिवशी तो आणायला आम्ही दोघं गेलो. मी चौथीत असेन. वकिलीणबाई दारात आडव्या आल्या. "आत नको येऊस. फरशी पुसलीय." ज्याने एकेक फरशी हाताने बसवली त्याला हे सांगितलं. मग त्यांनी तो ओळंबा पायाने ढकलत ढकलत दारापर्यंत आणला. फरशी बापाने इतकी सपाट बसवली होती की तो कुठे अडलासुद्धा नाही. बापाने वाकून उचलला आणि हसला. "बरं बाई," म्हणाला. त्या हसण्याची मला आजपर्यंत चीड आहे. रस्ताभर मी त्याच्याशी बोलले नव्हते. त्याची काय चूक होती? घरी पाच खाणारी तोंडं होती. माझ्याकडे कोण होतं? एक इंटर्नशिप.

तेवढ्यात काकू एक घोळका घेऊन स्वयंपाकघरात आल्या. माझ्याकडे बोट करून त्या जिन्याची माहिती सांगत होत्या. माझी वाक्यं, मी लिहिलेली, एकेक पाठ केलेली. घोळक्यातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "इथे काम करायची ती कोण होती? नाव काय तिचं?"

काकूंनी मान तिरकी केली, चेहरा दुःखी केला आणि गोड इंग्रजीत म्हणाल्या, "दुर्दैवाने आपल्याला माहीत नाही. त्या लोकांची नोंदच कुणी ठेवली नाही."

मी कागद दिला होता तिला. माझ्या हाताने. तिने तो वाचला होता, तिच्या पेनाने खोडला होता. इथून पुढे त्या बाईला अहोजाहो करणं माझ्याने होत नाही.

मी टोपी काढून ट्रेमध्ये टाकली आणि पायरी उतरले.

"नोंद आहे," मी म्हणाले. "तिचं नाव लुएला. ती विधवा होती. दहा वर्षं तिने या घराला रांधून घातलं. या पायऱ्या तिच्या पायाने झिजल्यात. आणि या बाईला हे माहीत आहे, कारण मीच तिला लिहून दिलंय. मी मोलकरीण नाही. या घराचं सर्वेक्षण मी केलंय."

म्हाताऱ्या गृहस्थांनी खिशातून पेन काढलं आणि विचारलं, "स्पेलिंग सांगशील?" सांगितलं. त्यांनी पत्रकाच्या समासात लिहून घेतलं.

शैलाकाकू हसतच माझ्याजवळ आली. पाहुण्यांना दिसत राहील असं हसू, आणि दात आवळून मराठी. "तमाशा बंद कर. दाखवलीस ना शेवटी लायकी?"

"दाखवली," मी म्हणाले. "आणि तुझीही बघितली."

एप्रन सोडला, तिच्या ओट्यावर ठेवला आणि दिवाणखान्यातून, मृणालसमोरून, पाहुण्यांमधून वाट काढत बाहेर पडले. बाहेर कडाक्याची थंडी होती आणि कोट आतच राहिला होता. परत गेले नाही.

मग गावातल्या दहा-बारा मराठी घरांत हलकल्लोळ. मला वाटलं, लोक विचारतील, ती खोटं का बोलली? छे! त्याचं कुणालाच काही नव्हतं. मृणालचा फोन आला. "नावाचं ठीक आहे यार, तुझा पॉइंट बरोबर असेल. पण तू काकूंना तू म्हणालीस? त्यांच्या घरी? आईच्या वयाच्या आहेत त्या."

घ्या! कागदाची प्लेट चालली. एप्रन चालला. एका बाईचं नाव पुसलं तेही चाललं. माझ्या तोंडचा एक 'तू' मात्र सगळ्यांच्या जिव्हारी लागला. ती मला पहिल्या दिवसापासून तू म्हणते, ते माया म्हणून. मी एकदा म्हणाले तर संस्कार बुडाले. काकांनी निरोप धाडला, घरी ये, चार शब्द बोल, काकूच्या पाया पड, विषय मिटव. डॉक्टर माणूस. दिवसभर लोकांची हृदयं हातात घेतो म्हणे. कप्पाळ!

बुधवारी ऑफिसात माझी साहेब डेबी हिने दार लावून घेतलं. गोरी, मऊ स्वभावाची, आवाज कधी चढवत नाही. म्हणाली, "समितीकडून तक्रार आलीय. दोन गोष्टी कर. त्यांना एक माफीचं पत्र लिही. आणि फॉर्ममधली ती स्वयंपाकिणीची ओळ काढ. फॉर्म इमारतीबद्दल आहे, माणसांबद्दल नाही."

"वखारवाल्याबद्दल त्यात दोन परिच्छेद आहेत," मी म्हणाले. "तो इमारत आहे का?"

तिने फॉर्म माझ्यासमोर ठेवला. मग म्हणाली, "समजून घे. माझ्या हातात फारसं नाही."

समजून घे. आयुष्यभर हेच ऐकत आलेय. समजून घ्यायचं कंत्राट आमच्याकडे आहे, पिढ्यान्‌पिढ्या. फॉर्म माझ्यासमोर होता. खाली सर्वेक्षकाच्या सहीची जागा रिकामी. सही माझी लागते. मी सही केली, लुएलाच्या ओळीसकट, आणि फॉर्म तिच्याकडे सरकवला. माफीचं पत्र लिहिणार नाही म्हणून सांगितलं. डेबी म्हणाली, मग सोमवारपासून येऊ नकोस.

गेले नाही. पुढच्या सत्राची फी कुठून येणार, माहीत नाही. भीती वाटते, झोप उडालीय, उगाच वाघीण असल्याचा आव आणत नाही. बापाला फोनवर सगळं सांगितलं, त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "हसली तं नाही ना मंग तू?" शेवटी नाही हसले, म्हटलं. "बस झालं मंग," म्हणाला.

शिरगणतीचे कागद लायब्ररीत सगळ्यांना खुले आहेत. ते बघायला कुणाची नोकरी लागत नाही, कुणाची शिफारस लागत नाही. त्या रस्त्यावर बावीस घरं आहेत. बावीसही घरांत कुणीतरी रांधलं, कुणीतरी भांडी घासली, कुणीतरी कोळसा वाहिला. नऊ घरांतल्या माणसांची नावं माझ्या हाताला लागलीत. उरलेली शोधते आहे. जतन समितीची जाहीर सुनावणी दर महिन्याला असते आणि गावातल्या कुणालाही तिथे तीन मिनिटं बोलता येतं. त्यांचाच नियम आहे. दर महिन्याला मी जाणार, माइकसमोर उभी राहणार, माझं आडनाव पूर्ण सांगणार आणि एकेका घराची नावं वाचणार. बावीस महिने लागले तर लागू देत. ती समोर टेबलाशी मेंबर म्हणून बसलेली असेल, तिला उठून जाता येणार नाही. सुरुवात तिच्या घरापासून.