सायलेन्सरपाशी धरलेला रुमाल

साखर कारखान्यात रुजू झालो त्या पहिल्याच सकाळी एका माणसाने माझ्या खिशातला रुमाल न विचारता काढून घेतला. आईने इस्त्री करून दिलेला, पांढराशुभ्र. शेतकी अधिकाऱ्यांची जीप समोर उभी होती. त्या माणसाने इंजिन सुरू केलं, रुमाल सायलेन्सरपाशी धरला, तोंडाने शंभर आकडे मोजले आणि काळामिट्ट झालेला रुमाल माझ्यापुढे नाचवला. "बगा सायेब. ह्ये आपुन रोज गिळतुया." मी सांगलीहून बी.एस्सी. होऊन आलेला, डिस्टिलरीचा नवाकोरा केमिस्ट. अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी त्याने रुमाल धुऊन, घडी घालून आणून दिला. डाग गेला नव्हता.

ते नाथा हवालदार, कारखान्याच्या वर्कशॉपमधले मेकॅनिक. म्हसवडकडचे कोळेकर. वडील मेंढरं राखायचे, नाथा पलटणीत गेले आणि तिथे गाड्या दुरुस्त करायला शिकले. "बारा वर्सं कॉन्व्हायच्या शेपटीला काढली," ते सांगायचे. "म्होरल्या समद्या गाड्यांचा धूर खाल्ला. तवा कळलं, इंजानाच्या आवाजावर जाऊ नगा. मानूस खोटं बोलंल, मीटर खोटं बोलंल, धूर न्हाई बोलत." पलटणीतली रम त्यांनी कधी जिभेला लावली नव्हती. सिद्धनाथाची शपथ होती.

कृष्णाकाठची माणसं त्यांच्याकडे सल्ल्याला यायची. कुणाचं पाण्याचं इंजिन भकाभका धूर ओकायचं, कुणाचा ट्रॅक्टर. हवालदार पहिलं वाक्य ठरलेलं बोलायचे, "पावनं, टोपी काढा." टोपी म्हणजे आमच्याकडे माणसाची अब्रू. ती सायलेन्सरपाशी धरायला कोण देईल? पण हवालदारांना देत. काम झालं की तीच टोपी धुऊन पुन्हा धरायची, आणि ती पांढरी राहिली तरच इंजिन घरी जायचं.

मग पेट्रोल भडकलं. कारखान्याच्या निम्म्या जीप उभ्या राहिल्या. हवालदार माझ्या प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभे. "आपल्या टाक्यांत मळीचं स्पिरिट हिंदकळतंय, आन आपुन पेट्रोलसाठी रांगंत! ह्यो कुठला शानपना?" कार्यकारी संचालकांनाही तेच सुचलं होतं, पण हवालदारांचं ऐकणं त्यांच्या इभ्रतीत बसेना. त्यांनी मुंबईहून एक तांत्रिक सल्लागार आणला. हा गृहस्थ गेस्ट हाऊसमध्ये उतरायचा, सकाळी वर्कशॉपमध्ये खुर्ची टाकून बसायचा, हवालदारांना प्रश्न विचारायचा आणि उत्तरं स्वतःच्या डायरीत उतरवायचा. त्याच्या हाताला ग्रीस लागलेलं मी एकदाही पाहिलं नाही.

काम हवालदारांनी केलं. स्पिरिटने रबराच्या नळ्या फुगायला लागल्या तेव्हा तांब्याच्या बसवल्या. पेट्रोलपेक्षा स्पिरिट जास्त लागतं, म्हणून कार्बुरेटरच्या जेटचं भोक किंचित मोठं करायला हवं होतं, पण आमच्याकडे एवढं बारीक ड्रिल नव्हतं. हवालदार ते जेट घेऊन मिरजेला एका तंबोरे करणाऱ्या म्हाताऱ्याकडे गेले. तो म्हणे विचारत होता, "भोक केवढं?" हे म्हणाले, "केसभर." म्हातारा म्हणाला, "कुणाच्या केसाएवढं, ते सांगा." सात वेळा गेले मिरजेला. प्रत्येक वेळचं माप, प्रत्येक फेरी, जळालेलं स्पिरिट, सगळं मी एका वहीत लिहीत होतो आणि पानाखाली सही करत होतो; सल्लागार तेही डायरीत उतरवून घ्यायचा. ज्या दिवशी जीप नीट चालली त्या दिवशी हवालदारांनी पुन्हा माझाच रुमाल मागितला. शंभर आकडे मोजून झाले तरी रुमालावर तो जुना डाग तेवढा होता, नवा एकही नाही. मिशीतल्या मिशीत हसत म्हणाले, "लेकरानं हुंगावा असा धूर हाय, सायेब."

सल्लागाराला घाटाचा आकडा हवा होता. पसरणीचा घाट चढून पाचगणी गाठायची आणि परत यायचं. मी म्हणालो, स्पिरिट कारखान्याच्या फाटकाबाहेर न्यायला दारूबंदी खात्याचा परवाना लागतो. तो म्हणाला, "अर्ज गेलाय. परवाना येईल आठ दिवसांत. माझा अहवाल आठ दिवस थांबणार नाही." संचालकांनी मान डोलावली. मी वहीत लिहिलं, 'साहेबांच्या तोंडी आदेशावरून', आणि खाली सही केली.

हवालदार एकटेच जीप घेऊन गेले; जीप एका दमात घाट चढली. परतताना वाईजवळच्या नाक्यावर शिपायाने सवयीने विचारलं, "टाकीत काय?" पेट्रोल म्हणाले असते तर शिपायाने हात हलवून सोडलं असतं. पण हवालदारांनी छाती काढून सांगितलं, "स्पिरिट! निस्तं स्पिरिट. पाचगनी चढून आलोय. रुमाल हाय का तुमच्याकडं?" शिपायाने टाकीचं झाकण उघडून वास घेतला आणि हवालदारांना गजाआड केलं.

दुसऱ्या दिवशी कारखान्याने दारूबंदी खात्याला लेखी कळवलं की असा कोणताही प्रयोग येथे झालेला नाही. चालकाने स्पिरिट चोरून नेले असावे. चोरून! वर्कशॉपमधल्या तीस माणसांदेखत तीन महिने चाललेलं काम! संचालकांनी मला बोलावलं. "ती वही कुठे आहे?" मी म्हणालो, "माझ्या कपाटात." "तिथेच राहू द्या. तुमचं नोकरीत कायम झाल्याचं पत्र टाईप होतंय." चार दिवसांनी खात्याचा इन्स्पेक्टर आला. "कोळेकर म्हणतोय, केमिस्ट साहेबांकडे वही आहे. आहे का?"

मी म्हणालो, "मला कल्पना नाही."

या तीन शब्दांचा मला आजही संताप येतो. संचालकांचा येतो, त्या सल्लागाराचा येतो, पण ते निदान स्वतःच्या फायद्याला जागले. मी हवालदारांच्या भाकरीतली भाकरी खाल्ली होती. वही कपाटात होती आणि कपाटाची किल्ली खिशात होती, त्याच रुमालाखाली.

कोर्टाने किरकोळ शिक्षा देऊन सोडलं. कारखान्याने काढून टाकलं. म्हसवडला पोरं त्यांना 'दारूवाला हवालदार' म्हणायला लागली, असं पुढे कानावर आलं. सल्लागाराचा अहवाल मात्र वेळेवर आला, निळ्या पुठ्ठ्यात बांधलेला. माझ्या वहीतलेच आकडे. एका ठिकाणी माझी बेरीज चुकली होती, ती चूकसुद्धा जशीच्या तशी. हवालदारांचं नाव कुठेही नव्हतं. मी वहीत उतरवलेला आदेशही नव्हता.

हवालदार आपली हत्यारांची पेटी न्यायला आले तेव्हा मी प्रयोगशाळेत एकटा होतो. वाटलं, आता हा माणूस माझ्या थोबाडीत मारील. मारायला हवी होती. आयुष्यभर थोडं हलकं वाटलं असतं. ते दारातच उभे राहिले.

"सायेब, वही हाय न्हवं?"

मी मान डोलावली.

"मग बेस झालं. मला वाटलं, जाळली का काय." पेटी खांद्यावर घेत म्हणाले, "मिरजंच्या सातव्या खेपंचं माप त्यात हाय. जपून ठिवा. म्होरं कुनाला तरी लागंल, त्यानं पुन्ना सात खेपा कशापायी घालाव्यात?"

एवढंच बोलून ते गेले. दोन वर्षांनी म्हसवडहून आलेल्या एका ट्रकवाल्याने सांगितलं की हवालदार वारले. शेवटपर्यंत इंजिनाला हात लावला नाही, भावाची मेंढरं राखत होते.

मी त्याच नोकरीतून सन्मानाने निवृत्त झालो. हल्ली पेट्रोलात स्पिरिट मिसळतात म्हणे. पंपावर तसं लिहिलेलं दिसलं की मी गाडीतून उतरत नाही, पोराला उतरायला सांगतो. वही अजून माझ्याकडे आहे. ती मागायला कुणी आलं नाही, आणि ती घेऊन मीही कुणाकडे गेलो नाही. 'साहेबांच्या तोंडी आदेशावरून' असं लिहिलेलं पान तिच्यात शाबूत आहे, आणि त्याखाली माझी सही स्वच्छ वाचता येते.